एकही भोक नको

पहिल्यांदा हात धरला गेला तेव्हा वसुमतीला वाटलं, चुकून लागला असेल. गाडी उजवीकडे वळवायची म्हणून तिने नियमाप्रमाणे खिडकीतून हात बाहेर काढला होता, तळवा पुढे, बोटं जुळलेली. मागून आलेल्या सायकलवाल्याने तिची बोटं मुठीत धरून दाबली, सोडली आणि तो सरळ पुढे निघून गेला. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा बांगडी फुटली. तिसऱ्यांदा झालं त्या दिवशी तिने वही केली आणि आधीच्या दोन्ही वेळाही आठवून तारखेनिशी त्यात लिहिल्या.

वही करणं तिच्या हाडात होतं. पुण्याला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केल्यावर दीड वर्षापूर्वी लग्न होऊन ती बंगलोरला आली आणि जालहळ्ळीच्या एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. नवरा श्रीकांत भद्रावतीला पोलादाच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी येणारा. मल्लेश्वरमच्या घरात ती आणि सासरे आप्पाजी, दोघंच. आप्पाजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. घराणं चार पिढ्या बंगलोरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागे एखादा कानडी 'स्वल्प', म्हणजे थोडं, नाहीतर 'सरी', म्हणजे बरं, यायचाच.

आप्पाजींची ऑस्टिन १९३३ सालची. काळी, उंच टपाची, मडगार्डांवर दोन छोटे दिवे असलेली. एकोणतीस वर्षांत तिच्या पत्र्यावर ओरखडा नव्हता. मोतीबिंदूमुळे आप्पाजींना गाडी चालवणं सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी आपण होऊन किल्ली सुनेच्या हातात दिली होती. हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्या वेळी मल्लेश्वरममध्ये गाडी चालवणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पाच आठवड्यांनी वसुमतीने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना आता वाचता येत नव्हतं म्हणून आकडे वाचून दाखवले. उजवी वळणं एकशे चौदा. हात धरला किंवा हातावर चापट मारली, अकरा वेळा. त्यांतल्या सात वेळा एकच माणूस.

"कोण?" आप्पाजींनी विचारलं.

"तोंड दिसत नाही. मागून येतो आणि पुढे निघून जातो. पाठच दिसते."

आप्पाजींनी तपकिरीची डबी चाळवली. "ड्रायव्हर ठेवू या."

"ड्रायव्हर कशाला? मला चालवता येते."

"येते गं. तसं नव्हे. मग कारखान्याची बस आहे की."

"बस चारला परत निघते आप्पाजी. माझी मोजमापं सहापर्यंत चालतात. बसनं जायचं तर प्रयोगशाळा सोडायची आणि कचेरीत पत्रं टाइप करत बसायचं. तसं त्यांनी सांगितलंच आहे मला."

"हातमोजा घालून बघ."

वसुमतीने फटकन वही मिटली.

"बरं, राहिलं," ते म्हणाले.

"मी पोलिसात सांगते."

"छे छे! घरच्या सुनेचा हात कुणी धरला, हे चौकीत लिहवायचं? स्वल्प विचार कर."

तिला इतका संताप आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हात धरणारा मोकळा, आणि ड्रायव्हर, बस, हातमोजा हे सगळे उपाय तिच्यासाठी! पण संतापून आकडे बदलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "मग गाडीला वळायचे दिवे लावते. नव्या गाड्यांना असतात तसे, उघडझाप करणारे. हात बाहेर काढायलाच नको."

"माझ्या ऑस्टिनला? बसला असतात तसले नारिंगी डोळे?" आप्पाजी खुर्चीत ताठ झाले. "पत्र्याला एकही भोक पडता कामा नये. आणि बाहेरून काही दिसता कामा नये."

"लागल्यावर तरी दिसावेत ना?"

"लागल्यावर..." त्यांनी विचार केला. "स्वल्प दिसले तर चालेल. सरी?"

एकही भोक नको, ही अट तिने प्रयोगाची अट घ्यावी तशी घेतली. शेषाद्रिपुरमला परसूचं गॅरेज होतं. परसू निपाणीकडचा, सगळ्या बायकांना अक्का म्हणायचा आणि सगळ्या गाड्यांना म्हातारी. मडगार्डांवरच्या छोट्या दिव्यांत आणखी एकेक बल्ब मावेल इतकी जागा होती, ती तिने पट्टीने मोजून काढली. बल्बांना प्रयोगशाळेतला नारिंगी लाखरंग लावला. मागच्या काचेला आतून एक गुंडाळायचा पडदा होता. त्याच्या दोन्ही टोकांच्या पितळी आकड्यांना तिने दोन चिमुकले दिवे टांगले. वायरी गादीखालून नेल्या. टेलिफोनच्या जुन्या बोर्डावरची डावी-मधली-उजवी अशी तीन घरांची कळ भंगारात मिळाली, ती डॅशबोर्डच्या मागे अशी बसवली की हाताला लागावी पण डोळ्यांना दिसू नये.

उघडझाप करणारा खटका मात्र बाजारात मिळाला तो बारा व्होल्टच्या गाड्यांचा. ऑस्टिन सहा व्होल्टची. दिवे लागले आणि लागूनच राहिले.

"म्हातारीला डोळा मारता येईना बघा अक्का," परसू म्हणाला. "वय झालं की तिचं."

"वयाचा काय संबंध? आतली तार तापतच नाही, म्हणून संपर्क तुटत नाही."

तिने खटका उघडला आणि प्रयोगशाळेतून आणलेली दुसरी तार चार संध्याकाळी खपून त्यात बसवली. तार तापली की लांबायची आणि दिवा विझायचा. निवली की आखडायची आणि दिवा लागायचा. मिनिटाला ऐंशी वेळा. घड्याळ लावून तिने तीनदा मोजलं. परसू गाडीभोवती फिरला, वाकून पाहिलं, बोट फिरवलं. कुठे भोक नव्हतं, कुठे स्क्रू नव्हता.

"चोरूनच लावलाय की दिवा," तो कौतुकाने म्हणाला. "पण अक्का, उन्हात दिसंल व्हय ह्यो?"

हे त्याने विचारलं होतं. पुढे तिला ते पुष्कळदा आठवलं.

सोमवारी सकाळी, आठ पन्नासला, आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याच्या, अलीकडे तिने कळ उजवीकडे टाकली. डॅशबोर्डमागे टिक् टिक् सुरू झालं. खिडकीची काच बंद होती. आरशात मागे एक सायकल दिसत होती. मोटार उजवीकडे वळणार असं दिसलं की सायकलवाला डावीकडून निघून जातो, हे तिने गृहीत धरलं, गाडी अगदी हळू केली आणि वळवली.

सायकल डावीकडे गेली नाही. ती उजवीकडून, थेट तिच्या खिडकीशी आली. हँडल दाराच्या मुठीत अडकलं आणि माणूस धाडकन रस्त्यावर आडवा झाला.

ती उतरेपर्यंत वीस माणसं जमली. "कै तोरिसलिल्ल!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच तेच म्हणू लागले. हिने हात दाखवला नाही, हात दाखवला नाही! पडलेला माणूस कोपर धरून उठला. वहीतला करडा कोट, कॉलरमध्ये मागे अडकवलेली तीच छत्री. त्याने तोंड वळवलं आणि वसुमतीने त्याला ओळखलं.

ते विश्वासराव होते. त्यांच्याच मराठी मंडळाचे खजिनदार. गणपतीच्या वर्गणीला घरी यायचे, तिच्या हातचे चिरोटे खाऊन "वहिनी, पुणं इथं आणलंत!" म्हणायचे. गाडी कुणाची, हात कुणाचा, हे सातही वेळा त्यांना ठाऊक होतं.

चौकीत नेल्यावर सब-इन्स्पेक्टर स्वतः उठून गाडी बघायला बाहेर आला. तिने कळ टाकून दाखवली. सकाळच्या उन्हात मागच्या काचेआड दोन नारिंगी ठिपके लुकलुकले. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"हा दिवा? हा देवघरात लावा अम्मा. कुणाला दिसणार हा?"

"नियमाप्रमाणे मी गती कमी केली होती. इशारा दिला होता."

"इशारा म्हणजे हात," तो म्हणाला. "हे बघा, यांना फार लागलेलं नाही. चाक वाकलंय, कोपर सोललंय. वाढवायचं नसेल तर तुम्ही लिहून द्या की यापुढे गाडी चालवणार नाही. लायसन्स इथे ठेवा. नाहीतर खटला होईल, आणि लायसन्स तसंही जाईल."

विश्वासराव बाकावर बसून कोपरावर फुंकर घालत होते. "मला वहिनींविरुद्ध काही करायचं नाही हो," ते मोठ्या मनाने म्हणाले. "फक्त हात दाखवायला हवा होता. हात दाखवला असता तर थांबलो नसतो का मी?"

तेवढ्यात आप्पाजी घोड्याच्या जटक्यातून उतरले. अपघाताचं कळताच परसूनेच त्यांना निरोप देऊन बरोबर आणलं होतं. चाचपडत आत येऊन त्यांनी आवाजावरून विश्वासरावांना ओळखलं, "अरे, तूच का? फार लागलं का रे?" म्हणत शेजारी बसले. सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाले, "वसुमती, दे लिहून. घरातलीच माणसं आहेत. कशाला वाढवायचं?"

टेबलावर कागद आला. पेनही आलं. सहा व्होल्टवर तार तापवून, मिनिटाला ऐंशी ठोके लावून, पत्र्याला ओरखडा न येऊ देता केलेल्या सगळ्या कामाचं मोल एवढंच होतं, की दिवा कुणाला दिसला नाही, म्हणून आता तिनेही दिसू नये. तिने पेन बाजूला सारलं आणि पर्समधून वही काढली.

"थांबला असता, म्हणालात," ती विश्वासरावांना म्हणाली. "तुम्ही हात दिसल्यावर थांबत नाही. हात दिसल्यावर जवळ येता. आज हात नव्हता, तरी सवयीने आलात."

"काय बोलता वहिनी!"

"वाचते. ऑगस्टची सहा तारीख, सकाळी आठ बावन्न, आठवा क्रॉस. करडा कोट, कॉलरला छत्री. बोटं दाबली. ऑगस्टची नऊ, आठ पन्नास, तीच जागा, तोच कोट. बांगडी फुटली. ऑगस्टची चौदा..."

"अम्मा, असलं लिहून ठेवतात का?" सब-इन्स्पेक्टर खुर्चीत चुळबुळला. "यात तुमचीच बदनामी आहे."

"मोजमाप लिहूनच ठेवतात. माझी कशी बदनामी? मी माझाच हात माझ्याच खिडकीतून बाहेर काढला होता."

"करडे कोट गावात शंभर आहेत!" विश्वासराव उसळले. "आप्पाजी, तुम्ही तरी सांगा हिला. तोंड पाहिलंय का हिने माझं?"

"तोंड नाही पाहिलं. सायकल पाहिली," वसुमती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचली. "सीटवर हिरवं रेक्झिन. कडेला पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई."

आप्पाजींचं डोकं वर झालं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. ते उठले आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले. वाकलेल्या चाकाची सायकल पायरीशी उभी होती. डोळ्यांचं काम त्यांनी बोटांनी केलं. सीट चाचपली, शिवण चाचपली, मग ऑस्टिनचं दार उघडून आतली गादी चाचपली. परत आले आणि सब-इन्स्पेक्टरच्या टेबलावर तळहात टेकून उभे राहिले.

"तीन वर्षांमागे गाडीच्या गाद्या नव्या केल्या. उरलेला तुकडा त्याच कारागिराकडून तशाच दुहेरी शिलाईने शिवून मी या माणसाला दिला, सायकलला होईल म्हणून. तसं कव्हर दुसरीकडे कुठे असणं शक्य नाही." मग सब-इन्स्पेक्टरकडे वळून ते कानडीत म्हणाले, "ही जे जे सांगते ते सगळं लिहून घ्या. पूर्ण लिहून होईपर्यंत मी इथे बसलोय."

"आप्पाजी, तुम्ही घरची माणसं..." विश्वासराव पुटपुटले.

"म्हणूनच रे! घरची माणसं म्हणूनच!" आप्पाजी असे ओरडले की बाहेरचा पोलीस आत डोकावला. "माझ्या घरी चिरोटे खाऊन जायचास ना तू?"

सब-इन्स्पेक्टरने लिहून घेतलं, पण अर्धंच. 'हात धरला' याऐवजी त्याने 'गैरवर्तन' लिहिलं. वसुमतीने ते खोडायला लावलं आणि सही करण्याआधी प्रत्येक तारीख वहीशी ताडून पाहिली. विश्वासरावांना समज देऊन सोडण्यात आलं, एवढंच. मंडळात पुढे कितीतरी दिवस बोललं जात होतं की आप्पाजींच्या सुनेला गाडी नीट चालवता येत नाही. तिचं लायसन्स मात्र तिच्याकडे राहिलं. आणि निघताना आप्पाजींनी परसूचा चाकू मागून घेतला, सायकलच्या सीटवरचं हिरवं कव्हर शिवणीपाशी कापून काढलं आणि खिशात घातलं.

"हे माझ्या गाडीचं आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी वसुमतीने बसच्या सुट्या भागांच्या दुकानातून नारिंगी काचेचे दोन मोठे दिवे आणले आणि ऑस्टिनच्या मागच्या मडगार्डांवर खडूने फुल्या मारल्या. आप्पाजींना तिने विचारलं नाही. ते ओसरीवरून खाली आले आणि त्यांनी फुलीवर बोट ठेवलं.

"केवढं भोक?"

"पाऊण इंच."

"वर घे स्वल्प. चिखल उडेल."

तिने खडूची फुली दोन इंच वर घेतली. परसूने ड्रिल लावलं. पत्रा कुरकुरत फाटला तेव्हा आप्पाजींनी डोळे मिटून घेतले, पण हटले नाहीत. दिवा बसला. मग ते काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि उन्हात तोंड करून उभे राहिले.

"लाव!"

वसुमतीने कळ टाकली. टिक् टिक् टिक्.

"दिसतो?"

"नाही. अजून मोठा बल्ब घाल."

परसूने बल्ब बदलला. आप्पाजींनी दुधाळलेले डोळे ताणून पाहिलं. गाडीचा काळा आकार, आणि त्यात काहीतरी नारिंगी, येतंय, जातंय.

"आता दिसतो!" ते रागानेच ओरडले, जणू इतके दिवस कुणीतरी तो लपवून ठेवला होता.

परसूने कपाळाचा घाम पुसला आणि ड्रिल उचललं. "मग दुसरं भोक पाडू का, अण्णा?"

"मला काय विचारतोस?" आप्पाजी म्हणाले. "तिला विचार."

वसुमती डाव्या मडगार्डाशी बसून मोजपट्टीने फुली तपासत होती.