व्रणाच्या डाव्या टोकाला

घरात सगळे तिला ठकीच म्हणत, अगदी नवरासुद्धा. सिझेरियन होऊन दीड वर्ष झालं, लेक घरभर पळायला लागली, पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहिलेली ठकी संध्याकाळी घरी यायची ती पोट धरून, वाकून. तिची वहिनी फिजिओथेरपिस्ट होती. तिने तिला आपल्या दवाखान्यात बोलावलं आणि आली नाहीस तर घरून उचलून नेईन, असा दमही दिला.

पडद्याआडच्या उंच खाटेवर ठकी आडवी झाली. वहिनीने समजावलं, की जखम भरताना आतले थर एकमेकांना चिकटतात, म्हणून ओढ बसते. बोटांनी कातडी हळूहळू सरकवत ते मोकळे करायचे. टाके उसवतील ही भीती ठकीच्या मनातून काही जाईना. आतलं काही बाहेर आलं तर तूच परत भर, असं तिने बजावलं, आणि दोघी हसल्या. दोन वेळा उपचार झाल्यावर तिला खरंच सरळ उभं राहता यायला लागलं.

तिसऱ्या वेळी वहिनी स्वतःच्या लेकीच्या खोड्या सांगत होती. बोटं व्रणाच्या डाव्या टोकाला पोचली आणि तिचं वाक्य अर्धवटच राहिलं. ती त्याच जागी पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

"वहिनी, गप्प का झालीस?"

"इथे वाटाण्याएवढी गाठ लागतेय. दुखते का?"

दुखायची, पण पाळीच्या दिवसांतच. ठकीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीने हात काढून घेतला आणि चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली. घाबरू नकोस, म्हणाली, पण तिच्याकडे न बघता.

सोनोग्राफीत गाठ दिसली, पण कसली ते कळेना. सर्जनची वेळ मात्र चार दिवसांनंतरची मिळाली. त्या चार दिवसांत ठकीने नवऱ्याला लसीकरणाचं कार्ड कुठे असतं ते दाखवलं, लेकीला कुठलं औषध चालत नाही ते लिहून फ्रिजवर चिकटवलं. कुठे निघालीस का, असं त्याने विचारलं. कपाट आवरतेय, म्हणाली. लेकीला उचलून न घेता ती खालीच बसून तिला मांडीवर घ्यायची.

सर्जनबाईंनी सांगितलं, की कधी कधी ऑपरेशनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात अडकतात, दर महिन्याला तिथे सूज येते आणि गाठ धरते. बहुतेक तसंच असावं, पण काढून तपासायलाच हवं. ठकीच्या मनात एवढंच राहिलं, 'बहुतेक'. आणि पुन्हा त्याच जागी सुरी.

गाठ काढली. दहा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला वहिनी बरोबर आली. ठकीला पाकीट उघडवेना, तिने ते वहिनीकडे दिलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या वहिनीने तो कागद वाचला, एकदा, मग पुन्हा, आणि मटकन बाकावर बसली.

"तेच आहे गं, अस्तरच," वहिनी म्हणाली. "कॅन्सर नाही." मग ओढणीत तोंड खुपसून ती रडायला लागली. इतके दिवस ती रोज फोनवर ठकीला धीर देत होती, आणि स्वतः मात्र घाबरून जेवतही नव्हती, हे तिने रडता रडता सांगितलं तेव्हा ठकीला कळलं.

ठकीला रडू आलं नाही. ती वहिनीशेजारी बसून राहिली. जरा वेळाने तिने कागद मागून घेतला आणि आपलंच नाव आहे ना, ते बघितलं.