सही रद्द कोण करतंय?

सौपर्णिकाने पुन्हा कमिटची, म्हणजे प्रोग्राममधला बदल नोंदवायची, कमांड दिली आणि लॅपटॉपने पुन्हा तेच उत्तर फेकलं: सही झाली नाही, रद्द केली.

"अगं बाई, मी कुठे रद्द केली?" ती त्याच्यावरच खेकसली. "बोटसुद्धा लावलं नाही मी!"

बाळंतपणानंतर घरी बसलेल्या बाईला पुन्हा नोकरी मिळणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यात अजून ती कायम व्हायची होती. तिने लिहिलेला भाग आज पाचला निघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत गेला तर कायम, नाहीतर बसा पुन्हा नीर दोशाचं पीठ वाटत. आणि कंपनीने नेमका आजपासून फतवा काढलेला: प्रत्येक बदलावर ज्याच्या त्याच्या गुप्त किल्लीची सही हवी, बिनसहीचं काही घेणार नाही.

फोनवर मंगळूरचा ग्लॅडसन होता, तिच्याच टीममधला.

"किल्लीची मुदत संपली असेल, पर्णी."

"नाही संपली."

"मग किल्लीवर माहेरचं नाव आणि इकडे सासरचं?"

"दोन्हीकडे एकच आहे रे बाबा."

"मग पासवर्ड चुकतोय."

"चुकायला आधी विचारायला तर हवा! विचारतच नाही मेला."

"विचारल्याशिवाय सही होतच नाही. आमच्या कोरगज्जा देवाला नवस बोल, हरवलेलं तोच शोधून देतो."

बाहेर हॉलमध्ये मावांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, यक्षगान रंगात आलं होतं. सकाळी तिनेच लॅपटॉपला टीव्ही दुसरा पडदा म्हणून जोडून त्यावर ते लावून दिलं होतं आणि थांबवायला-चालवायला आपला बिनतारी माउस त्यांच्या हातात दिला होता. तिने पुन्हा कमांड दिली.

"हत् मेल्या! पुन्हा आलास?" मावा बाहेर ओरडले.

सही रद्द.

सौपर्णिका जागच्या जागी थिजली. मग तिने कमांड दिली आणि हॉलकडे धाव ठोकली. टीव्हीवर महिषासुराच्या ऐन तोंडावर एक पांढरी चौकट पासवर्ड मागत उभी होती आणि मावा माउस सरसावून बसले होते.

"मावा, थांबा!"

"थांबतोय कसला! सकाळपासून पिच्छा पुरवलाय याने. पण मी बधतोय होय? दर वेळी हाकलला."

"अहो, तो माझा आहे."

"चोर असंच म्हणतात. तूच सांगितलंयस ना?"

सांगितलं होतं खरं. दिवाळीत मावा फोनवरच्या एका लबाड चौकटीत पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड टाकायला निघाले, तेव्हा तिने फोन हिसकावला होता. "पासवर्ड मागितला की बंद करायचं, माझं नाव दिसलं तरी! लहान पोरालाही कळतं एवढं," असं चारचौघांत बोलली होती. मावा त्या रात्री जेवले नव्हते. आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावा, माझी नोकरी अडकलीय यात. पाच वाजत आले."

मावांनी चष्मा सारखा केला. "तुझं नाव आहे खरं. पण ते कुणीही लिहील. तूच बोलावलंस याला?"

"मीच."

"मग मी हाकलतो. पुन्हा बोलावून दाखव. आला तर तुझा."

आणि तिने "अहो नको" म्हणेपर्यंत त्यांनी चौकट उडवलीदेखील. कपाळाला हात लावत ती खोलीत पळाली आणि कमांड दिली.

"आला गं, आला!" मावांचा आवाज आला. "तुझाच आहे! टाक पासवर्ड, मी बघत नाही."

तिने पडदा न बघताच पासवर्ड टाइप केला. सही झाली. बदल वर चढला आणि पाठोपाठ पाच वाजले.

"जमलं!" ग्लॅडसन किंचाळला. "काय झालं होतं गं?"

"आमच्याकडे पहारा कडक आहे," म्हणत तिने फोन ठेवला.

ती हॉलमध्ये आली तर मावा टीव्हीकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभे होते. मागे यक्षगानाचे चेंडे-ढोल दणदणत होते.

"फिरू का गं आता?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "फिरा मावा. आणि दिवाळीत मी जे बोलले ना, ते चुकलंच माझं."

मावा हळूच वळले. टीव्हीवर महिषासुर आडवा पडला होता.

"मेला होय माझ्या पाठीमागे?" ते हळहळले. मग माउस तिच्यापुढे धरून म्हणाले, "मागे घे जरा. दोघं मिळून बघू."