काशीरामच्या पानावरचा ग्लास

काशीरामचा हा पहिला म्हाळ. वर्षश्राद्ध उरकलं होतं, पितृपक्ष लागला होता, आणि नेरे गावातल्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात कुमुद सकाळपासून एकटी राबत होती. वालाचं बिरडं झालं, अळूवड्या झाल्या, खीर आटत आली, वड्यांचं पीठ भिजलं. पितरांचं जेवण म्हणजे मीठ कमी की जास्त हे बघायलासुद्धा जिभेला लावायचं नाही. आधी त्यांनी जेवायचं, मग आपण. सासू-सासऱ्यांचं पान तिने कायम असंच अंदाजाने रांधलं होतं. आज नवऱ्याचं रांधत होती.

आणि बाहेर दिवाणखान्यात खुशाल चाखणं चाललं होतं.

हे जावयाने आणलेलं खूळ. इंद्रजीत पुण्याचा, मोठ्या कंपनीत नोकरीला, वागण्याबोलण्यात नाव ठेवायला जागा नाही. पण परदेशातून परतला की बॅगेत एक नवी बाटली आणि डोक्यात एक नवं ज्ञान ठरलेलं. ह्या वेळी अमेरिकेची बर्बन होती. मक्याची दारू, म्हणे. तीही साधीसुधी नाही, ब्रँडीच्या पिंपात मुरवलेली. त्याची बायको समीक्षा, म्हणजे कुमुदची लेक, कॉलेजातल्या परीक्षेच्या कामात अडकली होती आणि संध्याकाळी यायची होती. ती असती तर बापाच्या म्हाळाच्या दिवशी हा तमाशा तिने होऊच दिला नसता.

"घाईघाईत प्यायची नाही, काका," इंद्रजीतचा आवाज आत येत होता. "आधी नाक लावा. तोंड किंचित उघडं ठेवून. काय येतंय?"

"दारूचा वास येतोय, दुसरा काय येनार!" कमळाकर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला. कमळाकर हा काशीरामचा धाकटा भाऊ. वय साठीला टेकलं तरी हळदीच्या मांडवात अजून ह्याच्याशिवाय ग्लास उचलले जात नाहीत.

"मनुका," कुमुदचा मुलगा धनेश म्हणाला. "आणि थोडा जळका गूळ."

"वा! बरोबर. तुझी जीभ तयार आहे."

"मंग? पोरगा कोनाचा हाय?" कमळाकरने धनेशच्या पाठीवर थाप मारली, ती आत ऐकू आली. "दादा असाच. एक घोट घेतला की सांगायचा, ही नेऱ्याची, ही उरनची. राजा मानूस होता."

कुमुदने झारा कढईवर आपटला. राजा माणूस! ह्या राजाला पहाटे गटाराच्या कडेने उचलून आणायला कोण जात होतं ते नाही आठवत ह्यांना. आणि त्याहून मोठा राग तिला दुसऱ्याच गोष्टीचा येत होता. शेवटची नऊ वर्षं काशीरामने दारूला हात लावला नव्हता, आणि माणूस गेल्यापासून एकाही तोंडातून ती नऊ वर्षं बाहेर पडली नव्हती. बाराव्याला आलेला जो तो तेच सांगून गेला. काशीरामशेठसोबत बसलो होतो, काय रंगत यायची, काय मोठं मन! जमिनीचे पैसे आले तेव्हा त्याने कुणाकुणाला पाजली ह्याच्या गोष्टी. जणू माणूस दारूत जगला आणि दारूतच गेला. गेला तो झोपेत, हृदय बंद पडून, न पिता, स्वच्छ तोंडाने.

धनेश ह्या गोष्टी कान देऊन ऐकायचा. द्रोणागिरीच्या गोदामांचं काम आता तोच बघायचा, आणि बाप गेल्यापासून तिकडून परतताना पळस्प्याच्या बारमध्ये थांबायला लागला होता. घरी आला की कुमुदला वास यायचा. काही बोललं की म्हणायचा, बाबांना नाही कधी बोललीस तू. बोलली नव्हती म्हणे! कुमुदचा घसा बसला होता बोलून, पण तेव्हा हे कार्टं शाळेत होतं.

वडे तळून झाले. तिने केळीचं पान धुतलं, त्यावर सगळं वाढलं, पदराने घाम पुसला आणि पान दोन्ही हातांवर तोलत बाहेर आली.

काशीरामच्या तसबिरीपुढे पाट मांडलेला होता, तिनेच सकाळी मांडलेला. पाटापुढे पानासाठी जागा सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. त्या जागेच्या उजव्या अंगाला, जिथे पाण्याचं फुलपात्र ठेवतात तिथे, एक निमुळत्या तोंडाचा ग्लास होता. त्यात बोटभर तांबूस दारू.

कुमुद तशीच उभी राहिली. "हे कुनी ठेवलं?"

"मी," कमळाकर म्हणाला. "वयनी, आपल्या घरची रीत हाय. आयेच्या पानावर मशेरी ठेवतो का नाय? बाबाच्या पानावर सुका बोंबील ठेवतो का नाय? ज्याला जे आवडायचं ते. मंग दादाला काय आवडायचं?"

रीत खरी होती, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. तिने पान खाली ठेवलं, ग्लास उचलला आणि कमळाकरपुढे टीपॉयवर आणून ठेवला.

"हे तुमाला आवडतं, भावजी. तुमच्या पानावर ठेवतील तवा."

इंद्रजीतला कळेना कुणीकडे बघावं. कमळाकरचा चेहरा उतरला, मग तापला. त्याने ग्लास परत उचलला आणि पाटाजवळ नेऊन ठेवला. "मेलेल्या मानसाचा तरी हात नको धरू, वयनी. जिता होता तोवर तू धरलास. डॉक्टरने घाबरवलं आनि तू कोंडून ठेवलंस. शेवटी शेवटी मांडवात यायचा तो निसता आचाऱ्याजवळ जाऊन बसायचा. बघवत नव्हतं."

"आई, असू दे ना," धनेश म्हणाला. त्याच्या हातात त्याचा ग्लास होता, तिसरा की चौथा कोण जाणे. "एक दिवस तर आहे. बाबांना चांगली तरी मिळू दे. जिजाजींनी मुद्दाम त्यांच्यासाठी आणलीय."

इंद्रजीतने पडतं घेतलं. "आई, मला माहीत नव्हतं हो. काका फोनवर म्हणाले, चांगलं काहीतरी आणा बाबांसाठी, म्हणून." आणि मग, गप्प बसवेना म्हणून, बाटली हातात घेऊन समजावू लागला. "खरंच ही वेगळी आहे. आधी चार वर्षं नव्या पिंपात ठेवतात. आतून जाळलेलं लाकूड असतं. तिथे तिला तिखटपणा येतो, रंग येतो. मग शेवटचे काही महिने ब्रँडीच्या जुन्या पिंपात. तिथे ती निवते. गोडवा येतो. चवीत जे काही खास आहे ते त्या शेवटच्या महिन्यांचं. म्हणून बघा, बाटलीवर नाव त्याचंच मोठं."

कुमुदला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मोठी अक्षरं कुठली आणि बारीक कुठली ते दिसत होतं. तिने बाटली त्याच्या हातातून घेतली आणि बोट ठेवलं. "हे मोठं लिवलंय ते शेवटच्या पिपाचं?"

"हो."

"आनि किती महिने राहिली त्याच्यात?"

"सहा... आठ असतील."

"सहा महिने." कुमुदने बाटली टीपॉयवर ठेवली. हळू ठेवायची होती, पण आपटली गेली. "मक्याची दारू. चार वर्षं एका पिपात काढली, सहा महिने दुसऱ्यात, तर तिच्या अंगावर नाव दुसऱ्याचं. ते पन मोठ्या अक्षरात. आनि माझा मानूस? त्याची शेवटची नऊ वर्षं कुटं लिवलीत तुमी, भावजी? बाराव्याला बोललात? वर्षश्राद्धाला बोललात? जळक्या पिपातलंच सगळं सांगत सुटलाय पोराला. राजा मानूस, राजा मानूस! अरे, राजा तो नंतर झाला. तवा तुमी कोनी नव्हतात बघायला."

"वयनी, पन डॉक्टरने..."

"कुठला डॉक्टर? नाव सांगा. कुठल्या दवाखान्यात नेलं होतं त्यांना?" कमळाकर खांद्यावरचा टॉवेल सारखा करू लागला. "नाय सांगता येनार. कारन डॉक्टर नव्हताच. आनि मी कोंडलं? मी वीस वर्षं कोंडत होते, राहिले का ते? मी पाया पडले, उपास केले, माहेरी जाऊन बसले. माझ्यानं काय पन झालं नाय. त्यांनी सोडली. त्यांनी! आनि तुमी ते पन त्यांच्या हातातून काढून घेता, मला देता, नायतर डॉक्टरला देता."

बोलणार नाही असं तिने नवऱ्याला वचन दिलं होतं, आणि आजवर पाळलंही होतं. पण वचन ज्याच्यासाठी पाळायचं त्याच्याच पानावर दारू आल्यावर कसलं वचन! ती धनेशकडे वळली.

"तुला आठवतं का, तू पहिल्यांदा पिऊन आलास ते? वावंज्याला लग्नाची हळद होती."

धनेशने मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही.

"नायच आठवनार. तू शुद्धीत कुटं होतास. तुझा बाप रातभर बादली धरून बसला तुझ्याजवळ. तू ओकायचास, आनि ते तोंड पुसायचे. एकदा तू डोळं उघडलंस आनि हसलास. म्हनालास, बाबा, आज तुमच्यासारखा झालो. सकाळी सगळ्या बाटल्या मागच्या फणसाखाली ओतल्या त्यांनी. मला म्हनाले, पोराला कळू देऊ नको, उगाच त्याच्या जिवाला लागंल."

इंद्रजीतने हातातला ग्लास टीपॉयच्या खाली जमिनीवर ठेवला, चोरी पकडली गेल्यागत.

"हात थरथरायचे," कुमुद म्हणाली. आता ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. "इच्छा झाली की गूळ खायचे. खिशात कायम गुळाचा खडा. मांडवात तुमी हसायचात, आचाऱ्याजवळ बसतो म्हनून. तुमच्या वासापासून लांब बसायचे ते. खिसा चिकट, सदऱ्याला मुंग्या. नऊ वर्षं मी मुंग्या झटकून कपडे धुतले. एवढा आनंद मला लग्नात पन झाला नव्हता."

कमळाकर पाटाकडे वळला. मग म्हणाला, "मला तरी सांगायचं दादाने. मला वाटलं, मला टाकला." त्याचा सूर अजून तक्रारीचाच होता, पण त्यातली हवा गेली होती. कुमुदला त्याची दया आली नाही. येईल कधीतरी, आज नाही.

तिने पाटाजवळचा ग्लास उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि मोरीत ओतला. किती महागाची होती हे इंद्रजीतने बिचाऱ्याने तोंडातून काढलं नाही. तिने डबा उघडला, गुळाच्या ढेपेतून एक खडा फोडला आणि बाहेर येऊन पानावर, मिठाच्या जागी मीठ होतं त्याच्या शेजारी ठेवला. मग हात जोडले. एकेकाने येऊन नमस्कार केला. धनेश सगळ्यांत शेवटी आला आणि बराच वेळ वाकून राहिला.

जेवणं झाली. वड्यांत मीठ थोडं कमी होतं, पण ते कुणी म्हणालं नाही. धनेशने टीपॉयवर ठेवून दिलेला ग्लास होता तसाच भरलेला होता.

कमळाकर हात धुऊन आला तेव्हा तसबिरीजवळ थबकला. खिडकीच्या चौकटीतून निघून, भिंतीच्या कडेने, पाटाला वळसा घालून मुंग्यांची रांग थेट पानावर चढली होती. बाकी कशाला तोंड न लावता त्यांनी गुळाचा खडा गाठला होता.

"अरे, पानाला मुंग्या लागल्या," म्हणत कमळाकर खांद्यावरचा टॉवेल घेऊन झटकायला वाकला.

धनेशने त्याचा हात धरला. "राहू दे, काका," तो म्हणाला. "बाबा आलेत."