पूजा झालेले कोळपे

भाताची लावणी दोरी धरून ओळीत करावी, या जपानी पद्धतीचा प्रचार १९५५ साली आमच्या चांदा जिल्ह्यात जोरात होता. ओळी आल्या, तसे त्यांच्यामधून ढकलायचे दातेरी चाकांचे कोळपेही आले. कुरखेड्याच्या आमच्या लहानशा कारखान्यात त्याचा पहिला नमुना तयार झाला. नकाशा माझा, लोखंडकाम लटारू लोहाराचे, बाजारोबाजारची विक्री खुशालकडे. रंगकाम करणाऱ्या देवकाबाई घरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, निंदणही करीत.

दुसऱ्या दिवशी चिमूरकडच्या एका सोसायटीचे चिटणीस नमुना पाहायला यायचे होते. त्यांना तो पसंत पडला, तर पावसाळाभर आमची भट्टी पेटती राहणार होती. नाहीतर लटारूला गाव सोडून बल्लारपूरला खाणीवर जावे लागणार होते. त्याच्या बायकोने भांडी बांधायलाही घेतली होती.

कोणताही नमुना चौघांनी मिळून तपासायचा, असा आमचा रिवाज. त्यासाठी तलावाखालच्या बांधीत चिखल करून ठेवला होता. मी पोचलो, तेव्हा कोळप्याला हळदकुंकू लागले होते आणि शेजारी नारळ फुटला होता.

"नवं अवजार बिनपूजेचं चिखलात घालतेत का?" असे म्हणत देवकाबाईंनी माझ्या हातावर खोबरे ठेवले.

चाके सुरेख फिरली. मूठ मात्र देवकाबाईंच्या खांद्याला येत होती. कोपरे वर करून ढकलता ढकलता त्या थांबल्या.

"मास्तर, हे ताडाच्या झाडासाठी बनवलं का?"

"मूठ उंचच पाहिजे, बाई," खुशाल म्हणाला. "बाजारात बाप्या येते, उभ्यानं धरून पाहते. ठेंगणं दिसलं का म्हणते, हे तं पोराचं खेळणं होय."

"मंग निंदाले बी बाप्यालेच धाड!"

दोघांचेही खरे होते. मी सुचवले की दांडी मध्ये कापावी, आत बारीक नळी सरकवावी आणि छिद्रांत बोल्ट घालावा; म्हणजे मूठ बाजारात उंच, बांधीत ठेंगणी. दांडी सुटी झाली तर सायकलला बांधता येईल, हे खुशालच्या ध्यानात आले. बोल्ट हाताने फिरला पाहिजे, चिखलात पाना कोण सांभाळणार, अशी देवकाबाईंची अट. लटारूने ती मान्य केली. मी त्याच्या हाती करवत दिली.

त्याने ती खाली ठेवली.

"नाई मास्तर. पूजा झालेल्या अवजाराले मी करवत लावत नाई. माह्या बापानंही नाई लावली."

"अरे, चिटणीस उद्या येऊन राह्यले! नवी दांडी करायला दुसरी जाड नळीही नाही आपल्याजवळ."

"ठाऊक आहे. खाणीत मलेच जा लागंन, तुमाले नाई."

नकाशा पक्का झाल्यावरच सही करावी, एवढे तंत्रशाळेत मला शिकवले होते. पूजेचा प्रश्न तेथे कधी आला नव्हता.

"गणपती पाण्यात नेतो, तवा काय करतो आपण?" देवकाबाईंनी विचारले. "अक्षता टाकतो, जरासा हलवतो. देव आपल्या घरी जाते."

"अवजाराचं असं कोणी केलं का?" लटारू म्हणाला.

"मी बसवला, मीच पोचवीन."

त्यांनी घरून मूठभर तांदूळ आणले, कोळप्यावर टाकले आणि दांडी किंचित हलवली. "जा बापा. काम झालं का बलावीन."

लटारूने कोळप्याला हात जोडले आणि करवत उचलली.

दिवस मावळायच्या आत दांडी जुळली आणि देवकाबाईंनी कोपरे खाली ठेवून अख्खी बांधी पालथी घातली. त्या कुंकवाकडे वळताच लटारू ओरडला, "थांबा बाई! खुशाल, बोल. मास्तर, बोला. आणखी काई कापाचं आहे का?"

कोणाचेच काही नव्हते. तेव्हा दुसरा नारळ फुटला.

सकाळी चिटणिसांनी कोळपे उंच धरून पाहिले, ठेंगणे करून पाहिले आणि मागणी पक्की केली. लटारूचा चेहरा उजळला. जाता जाता ते सहज म्हणाले, "फक्त ही आडवी मूठ दोन्ही टोकांना थोडी कापून घ्या."

लटारूने देवकाबाईंकडे पाहिले. त्या पदराची गाठ सोडत होत्या.

"तांदूळ बांधूनच आणले मी," त्या म्हणाल्या.