खटक्यासकट बुलबुल

शनिवारी दुपारी पप्पा आणि मी टॅबवर सतारी ऐकत बसलो होतो. अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती, त्यामुळे बुलबुलची बटणं दाबवत नव्हती. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या, असं ते वाद्य. गायन पार्टीत पप्पांनी आयुष्यभर तेच वाजवलं. काचेवर मात्र बोट नुसतं टेकवलं तरी सूर निघतो, म्हणून मी त्यांच्यासाठी तंतुवाद्यांची ॲप शोधत होते.

"यात सतार कुठे बसवलीय?"

"खऱ्या सतारीचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवतात. तुम्ही बोट ठेवलं की तो वाजतो."

त्यांनी एकाच जागी दहा वेळा बोट आपटलं. "दहाही वेळा अगदी सारखाच. मनू, हा वाजवणारा नाही, प्रेस मशीन आहे."

दुसऱ्या ॲपमध्ये प्रत्येक सूर हलका, जोरकस असा चार-पाच तऱ्हांनी घेतलेला होता. एकच सूर पुन्हा दाबला की दर वेळी किंचित वेगळा येई. पप्पांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ तेवढंच करून पाहिलं. मग संतूर लावलं, तर म्हणाले, "बँकेला फोन लावला की हेच ऐकवत बसवतात."

"बुलबुल बघायचं?"

"उद्या बघू. आता चहा टाक."

रविवारी सकाळी ते गेले. हृदय थांबलं, डॉक्टरांना एवढंच सांगता आलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठरला. गुरुवारी मोतीराम काका आले. ते पार्टीचे गायक, पप्पांचे चाळीस वर्षांचे जोडीदार. पप्पांनी चाल लावलेलं एक गीत विहारात म्हणायचं होतं, पण बुलबुल वाजवणारं आता कुणी नव्हतं. मी लहानपणी पप्पांकडून हार्मोनियम शिकले होते आणि घरात ऐकून ऐकून चाल पाठ होती. टॅबवर मी वाजवते, असं काकांना सांगितलं.

"बघ बाई. तुझ्या बापाच्या जागेवर बसतेयस. वाकडं वाजवलंस तर तो फोटोतून ओरडेल."

बुलबुलची दोन ॲप सापडली. पहिल्यातला आवाज स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. दुसरं कुणीतरी आपल्या जुन्या वाद्यावरून घरीच रेकॉर्ड केलेलं दिसत होतं. त्यात सूर येण्याआधी बटणाचा खटका ऐकू यायचा. लोकांनी खाली तक्रारीही लिहिल्या होत्या. मला निवड सोपी वाटली. पहिलं घेतलं आणि काकांच्या पट्टीला, काळी चारला लावून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी आमच्याच घरी सराव केला. मी सुरुवातीचा तुकडा वाजवला. काका डोळे मिटून बसले होते, त्यांनी गाणं उशिरा उचललं. दुसऱ्यांदा घाईने उचललं. तिसऱ्यांदा उचललंच नाही.

"काका, शब्द विसरलात का?"

"शब्द कसले विसरतोय. तू कधी येतेस तेच कळेना."

खटका असलेलं ॲप मी निव्वळ कुतूहलाने लावलं. या वेळी काकांनी बरोबर जागेवर गाणं उचललं आणि कडवं संपेपर्यंत थांबले नाहीत.

"हे चालेल. आधी बटणाचा खटका, मग सूर. तुझ्या बापाचा, निवृत्तीचा खटका ऐकूनच मी उचलायचो. डोळे तर मिटलेलेच असतात."

"पण पप्पांच्या बुलबुलला खटका नव्हता, काका. मी इतकी वर्षं ऐकत आलेय."

"घरी नव्हता," काका म्हणाले. "कार्यक्रमाला तू कधी आलीस? दहावीला असताना त्याला म्हणाली होतीस ना, खटखटीने लक्ष लागत नाही? तेव्हापासून बटणांखाली कापडाच्या पट्ट्या. निघताना काढायच्या, परत येताना रिक्षातच बसवायच्या. आम्ही चिडवायचो त्याला. अरे, पोरगी कॉलेजात शिकवायला लागली. तर म्हणायचा, अभ्यास झाला असं तिनं अजून सांगितलं नाही."

काकांनी पाणी मागितलं, प्यायले आणि जयभीम करून गेले.

मी कपाटावरचं बुलबुल खाली काढलं. झाकण उघडून बटणांखाली बोट घातलं. पट्ट्या होत्या. फ्लॅनेलच्या, दुहेरी, कडेला टाके घातलेल्या. लेथवरच्या माणसाची मोजमापं, एकही पट्टी कमीजास्त नाही. कापड नवं होतं. वाजवता येत नसतानाही त्यांनी ते बदललं होतं. मी नखाने एकेक पट्टी ओढून मांडीवर ठेवत गेले. शेवटची निघाल्यावर एक बटण दाबून पाहिलं.

आई स्वयंपाकघरात होती. तिलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले, "पप्पा, अभ्यास झाला माझा. खटखट होऊ द्या."