प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता

एका बियाणे कंपनीने शेतकऱ्यांशी फोनवर बोलायला बुलढाण्याच्या कचेरीत मुली नेमल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांना शेतकऱ्यांसारखं बोलायची बंदी केली. कारण साधं होतं. संभाषणं पुण्यात ऐकली जात, आणि 'मले', 'तुले' कानावर आलं की तिथल्या साहेबांना फोन भलतीकडेच लागल्यासारखं वाटे.

धाड गावची आसमा त्या मुलींपैकी एक. तिच्या घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी, आणि शाळेतली मराठी परीक्षेपुरती. शिकवायला पुण्याहून निवेदिता मॅडम आल्या होत्या. स्वभावाने गोड, पण शब्दाला सूट न देणाऱ्या. आसमाचं घोडं 'ळ'पाशी अडलं. तिच्या गावात डोळ्याला डोया म्हणतात आणि अळीला अयी, आणि त्यावाचून आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. तरी पोरगी हट्टाला पेटली. एसटीत खिडकीशी बसून काळा, पिवळा, कोवळा, वेगळा असं पुटपुटत राहायची. शेजारची बाई जरा सरकून बसायची, पण ही थांबायची नाही. एका सकाळी तिच्या तोंडून 'बोंडअळी' असा लख्ख उच्चार निघाला. मॅडमनी टाळी वाजवली आणि लगेच सांगितलं, की हा शब्द मात्र फोनवर कधीही उच्चारायचा नाही.

कंपनीचं कपाशीचं बियाणं बीटीचं. बीटीत अळी पडत नाही असं पाकिटावरच छापलेलं, मग ती पडली असं कंपनीच्याच माणसाने कसं म्हणायचं? शेतकरी म्हणाला तर म्हणू दे. आपण म्हणायचं 'प्रादुर्भाव'. कशाचा, ते सांगायचं नाही. त्या वर्षी गुलाबी अळीने जिकडेतिकडे बोंडं आतून पोखरली होती आणि फोन खाली ठेवायची सोय नव्हती. आसमाला खोट्याची लाज वाटायची. पण नोकरी कायम झाली नाही तर पुन्हा लोकांच्या शेतात कापूस वेचायला जावं लागेल, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

कायम करण्याआधी मॅडम शेजारी बसून एक दिवस तिचे फोन ऐकणार होत्या. एक शब्द चुकला की नोकरी गेली. नेमका त्याच दुपारी रज्जाकचा, म्हणजे आसमाच्या बापाचा, फोन आला. मुलींचे मोबाइल कामाच्या वेळेत बंद असत, म्हणून त्याने बियाण्याच्या पाकिटावरचा नंबर लावला होता.

"बाई, माह्या पऱ्हाटीत अयी पडली. पंप भरून ठेवला हाय. फवारू का नको?"

'फवारा अब्बा, आजच फवारा', एवढंच आसमाला म्हणायचं होतं. मॅडमनी भुवई उचलली. आसमाने डोळे मिटले आणि पाठ केलेलं सगळं न अडखळता म्हणून टाकलं.

"काही भागांत प्रादुर्भाव वाढण्याची शक्यता आहे. घाईने निर्णय घेऊ नये. पीक काळजीपूर्वक निरीक्षणाखाली ठेवावे."

रज्जाकने विनवलं, की माझी पोरगी आसमा तिथंच कामाला आहे, तिला जरा फोन द्या, तिचं बोलणं मला समजतं.

"त्या सध्या उपलब्ध नाहीत," आसमा म्हणाली.

मॅडमनी तिचा हात दाबला. एकही चूक नव्हती. आसमा कायम झाली.

घरी जाताना तिने गाडीत ठरवलं, की आधी अब्बाची माफी मागायची. दारात पाऊल टाकलं तर पंप धुऊन भिंतीशी पालथा घातलेला, आणि आई अमीना जिलेबीचा पुडा सोडत बसलेली. रज्जाक भलता खुशीत होता. कंपनीच्या मोठ्या बाईने त्याला स्वतः सांगितलं होतं, की भाव वाढणार आहे. घाई करू नका, पीक नुसतं बघत राहा. त्यानेही डोकं चालवलं. अयी सगळ्यांच्याच शेतात, म्हणजे माल येणार कमी, म्हणजे भाव चढणारच. म्हणून त्याने फवारणी थांबवली आणि कापूस न्यायला आलेली गाडीही परत पाठवली.

"अब्बा, ते भावाचं नव्हतं," आसमा म्हणाली. "ते बाई मीच होती. अयी वाढून राह्यली, सकायीच फवारा."

रज्जाक पोट धरून हसला आणि त्याने तिच्यापुढे जिलेबी धरली. "तू? ते बाई कितीक शुद्ध बोले, बेटा. तू तं आपल्यावाणीच बोलतं."

आसमाला रडू फुटणार होतं. तिने बापाकडे पाठ केली आणि मॅडमच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "कपाशीत बोंडअळी पडली आहे. उद्या सकाळीच फवारणी करावी."

रज्जाकचं हसू मावळलं. त्याने जिलेबी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि मान डोलावून पोटच्या पोरीला म्हणाला, "हाव, बाई."

मग तो पंप सरळ करायला उठला.