मावशीची कावीळ

“मॅडम, पाळी कायमची बंद झाल्यावर बायका गोळ्या कशाच्या घेतात?” — वर्गातल्या रेवतीनं पैज लावली म्हणून शाळेच्या आरोग्य शिबिरात मी भर सभागृहात उभी राहून विचारलं, मागे खीखी, आणि मी ऐटीत, कारण हल्ली मला कशाचीच लाज वाटत नाही. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, तेव्हा हार्मोनच्या गोळ्या देतात, म्हणाल्या. पण आधी विचारावंच लागतं, आईला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता का... या गोळ्यांनी तो धोका थोडा वाढू शकतो.

बहिणीला.

आता घरी, फ्रिजवरचं आईच्या त्याच गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात, अर्ध्या गोळ्या संपलेल्या, आणि आई भाकरी थापता थापता गुणगुणतेय. चार महिने झाले तिला गुणगुणायला लागून. त्याआधी बुलढाण्याच्या थंडीतही पंखा जोरात, मान घामेजलेली, माझ्यावर उगाच खेकसणं...

सारिकामावशी वडनेरला वारली तेव्हा मी सातवीत होते. कावीळ झाली सांगायचं, आई म्हणाली. मी सांगितलं — बाईंना, मैत्रिणींना, शेजारी — इतकं की मला तिचे डोळे पिवळेच आठवतात. ते पिवळे नव्हते. ब्लाउजची एक बाजू रिकामी होती, तिथं ती रुमालाची घडी ठेवायची.

“आई, गोळ्या देताना डॉक्टरनं विचारलं नाही, घरात कोणाले कॅन्सर होता का?”

“विचारलं ना.”

“मग?”

“नाही म्हटलं.” तिनं भाकरी उलटली. “कंपाउंडर वडनेरचाच हाय. उद्या तुही सोयरीक आली तं?”

“हळू बोला वं,” बाबा पेपराआडून म्हणाले.

माझी सोयरीक! ज्याचं नावगाव कुणाला ठाऊक नाही त्या नवऱ्यासाठी आई रोज एक गोळी खोटं बोलून गिळते — आणि मी? मीही कावीळ वाटत फिरलेच ना, प्रसादासारखी...

“मले झोप पायजे, समीक्षा,” आई तव्याकडे बघत म्हणाली. “लय दिवसांनी लागून राह्यली.”

गुणगुणणं थांबलं होतं. ते मीच थांबवलं. सभागृहातला तो आवाज घशात शोधला, सापडला. पण ऐट नव्हती त्यात.

“गोळ्या बंद कर म्हणत नाही मी. ते डॉक्टर ठरवतीन. पण उद्या मी शाळेत जात नाही, तुह्यासंग दवाखान्यात येतो. अन् बाबा, सारिकामावशीले काय झालं होतं ते मी तिथं सांगणार हाव. कंपाउंडर ऐकते तं ऐकू द्या.”